मुलाने कापलेला चित्रपट

मंगळवार, रात्री साडेअकरा

धाकटा रविवारी सकाळच्या गाडीने गेला आणि जाताना माझ्या वडिलांवरच्या, अण्णांवरच्या, लेखाची प्रत माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली ठेवून गेला. मी ४३ पाने लिहिली होती. त्याच्या पेन्सिलीतून बचावलेली पाने मी काल मोजली, ती १९ भरली.

लेख वाचून दे, असे मीच त्याला सांगितले होते, आणि काही खटकले तर खूण कर, असेही वर म्हटले होते, तेव्हा तक्रारीला जागा नाही हे मला कळते. तरीही दोन दिवस ती प्रत उघडायची आणि मिटायची यापलीकडे माझ्या हातून काही झालेले नाही. मिरज जंक्शनवरची सलग सहा पाने त्याने एका उभ्या रेघेने बाद केली आहेत. ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या त्या एका स्थानकात येत असत, त्या दिवसांची ती पाने आहेत आणि ती लिहायला मला अख्खा पावसाळा लागला होता. रेघेच्या शेजारी, समासात, त्याच्या बारीक अक्षरात एकच वाक्य आहे : ‘बाबा, इथे अण्णा दिसत नाहीत.’

हिने ते वाक्य वाचले, प्रत होती तशी ठेवली आणि दुसराच विषय काढला. ताईला फोनवर सांगितले तेव्हा ती जे म्हणाली, ते मी इथे लिहीत नाही.

मन रमावे म्हणून आज संध्याकाळी ‘एरिक द व्हायकिंग’ पुन्हा लावला. टेरी जोन्स यांचा हा १९८९ सालचा चित्रपट धाकट्याच्या नवव्या वाढदिवसाला मी व्हिडिओ लायब्ररीतून आणला होता. कॅसेट दोन दिवसांसाठी आणली होती आणि ती आठवडाभर घरात राहिली. उत्तर समुद्रातला प्रचंड अक्राळविक्राळ प्राणी उशीतल्या पिसांमुळे शिंकतो, ते दृश्य त्याने इतक्या वेळा मागे नेऊन पाहिले की तिथे पट्टीवर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या होत्या. आज ते दृश्य आले तेव्हा खोलीत हसणारे कोणी नव्हते, आणि मन रमण्याऐवजी नेमके त्या समासातल्या वाक्याशी येऊन थांबले.

कथा विनोदी आहे, पण तिचा आरंभ दुःखाचा आहे. एरिक हा तरुण व्हायकिंग एका लुटीत ज्या मुलीला वाचवायला जातो, तीच त्याच्या तलवारीने मरते, आणि मारणे व लुटणे हेच जिथे जगणे मानले जाते तिथे हा एकटाच, हे असे का, म्हणून बेचैन होतो. फेनरिर लांडग्याने सूर्य गिळला आहे आणि राग्नारोकचे, म्हणजे नॉर्स पुराणातल्या युगान्ताचे, अंधारे दिवस चालू आहेत. गुहेतली जाणती फ्रेया त्याला वाट सांगते : हाय-ब्राझील बेटावरचे शिंग मिळवायचे आणि ते तीनदा फुंकायचे. पहिल्या फुंकीने देवांच्या असगार्डला पोहोचता येते, दुसरीने देव जागे होतात आणि तिसरी फुंक घरी परत आणते. एरिक झालेला टिम रॉबिन्स, त्याच्या म्हाताऱ्या आजोबांच्या भूमिकेतला मिकी रूनी, फ्रेया झालेली अर्था किट आणि अंधार व युद्ध टिकले तरच आपली सत्ता टिकेल हे जाणणारा जॉन क्लीज यांचा क्रूर हाफडान, ही सगळी मंडळी मला नावानिशी आठवत होती. शांतता आली तर आपल्या तलवारी कोण विकत घेणार, या भीतीने एरिकच्याच गावचा लोहार फितूर होतो, ही गोष्ट मात्र त्या वेळी मुलाबरोबर पाहताना माझ्या लक्षात आली नव्हती. आज ती फार खरी वाटली.

हाय-ब्राझीलचा राजा अर्नल्फ स्वतः जोन्स यांनी केला आहे. त्या बेटावर शस्त्राने रक्ताचा एक थेंब जरी सांडला तरी बेट समुद्रात बुडेल, असा शाप आहे. रक्त सांडते, जमीन हादरते, पाणी चढू लागते आणि राजा अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने प्रजेला सांगत राहतो की बेट बुडत नाही, बुडूच शकत नाही. धाकट्याने तेव्हा मला विचारले होते, “बाबा, पाणी गळ्याशी आलं तरी तो असं का म्हणतो?” मी म्हटले होते, “त्याला ते बघायचं नाहीये.”

हे उत्तर मीच दिले होते, हे आज आठवले आणि मी थोडा वेळ चित्रपट तिथेच थांबवला.


बुधवार

आज सकाळपासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येते आहे. वडिलांनी केलेली वस्तू मुलाने कापावी, यात नेमके काय दुखते? एखाद्या संपादकाने हीच पाने अर्धी केली असती, तर मी दोन दिवस धुमसलो असतो आणि तिसऱ्या दिवशी छापील अंकाची वाट पाहू लागलो असतो. परक्याची कात्री कागदाला लागते. धाकट्याची रेघ कुठे लागली आहे, ते मला नीट सांगता येत नाही.

या चित्रपटाला वडील आणि मुलगा यांचा एक इतिहास आहे, आणि काल तोच मला तिकडे घेऊन गेला असावा. जोन्स यांनी आधी एरिकचे एक पुस्तक लिहिले होते, ‘द सागा ऑफ एरिक द व्हायकिंग’. ते १९८३ साली मायकेल फोरमन यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. रात्री मावळलेला सूर्य जिथे जातो तो देश शोधायला निघालेल्या एरिकच्या त्या गोष्टी त्यांनी आपल्या लहान मुलासाठी, बिलसाठी, रचल्या होत्या. पुढे चित्रपट करताना त्यांनी पुस्तकातले नायकाचे नाव आणि प्रवासाची कल्पना तेवढी ठेवली आणि कथा सर्वस्वी नवी लिहिली. चित्रपट चालला नाही. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तर त्याला एकही तारा दिला नाही. चित्रपटगृहांत तो १०७ मिनिटांचा होता, नंतर व्हिडिओसाठी जोन्स यांनी स्वतःच तो ८९ मिनिटांवर आणला, आणि २००६ साली, वडिलांच्या संमतीने, तो पुन्हा एकदा संकलनाच्या टेबलावर आला तेव्हा कात्री बिलच्या हातात होती. त्याने तो ७५ मिनिटांचा केला. दिग्दर्शकाची आवृत्ती म्हणून चित्रपट पुन्हा बाजारात येतात ते आपल्याला ठाऊक असते. या आवृत्तीचे नाव ‘डायरेक्टर्स सन्स कट’ असे आहे, म्हणजे दिग्दर्शकाच्या मुलाने केलेली.

ज्याच्या उशाशी बसून ती गोष्ट सांगितली, त्यानेच ती मोठेपणी अशी आटवली. त्या नावावर मी आज किती वेळ अडून बसलो आहे!

जोन्स यांना कात्रीचे महत्त्व कळत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. ‘माँटी पायथन’ या विनोदी चमूची मालिका १९६९ साली बीबीसीवर सुरू झाली, तेव्हा ते दिग्दर्शक नव्हते, सहा जणांतले एक लेखक आणि नट होते. तरीही चित्रीकरण झाल्यावर इतर आपापल्या घरी जात आणि जोन्स संकलकाच्या खोलीत जाऊन बसत. एखादे दृश्य कुठे तोडायचे आणि पुढच्याला कसे जोडायचे, यावर ते दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांच्याशी चिकाटीने वाद घालत. प्रत्येक प्रहसनाच्या शेवटी हशा पिकवणारे वाक्य आलेच पाहिजे हा दंडक मोडून एक दृश्य दुसऱ्यात सहज वाहू द्यायचे, ही त्या मालिकेची जी ओळख झाली, तिच्यामागे त्यांचा हट्ट मोठा होता. पुढे १९७५ साली ‘होली ग्रेल’ त्यांनी टेरी गिलियम यांच्याबरोबर दिग्दर्शित केला, १९७९ चा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ एकट्याने केला, आणि १९८३ च्या ‘मीनिंग ऑफ लाइफ’ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री पारितोषिक मिळाले. जो माणूस दुसऱ्याने घातलेला एकेक काप तपासून पाहत असे, त्याने आपल्या पडलेल्या चित्रपटाची ३२ मिनिटे मुलाला काढून टाकू दिली.

मी ते कसे केले असते, ते मला माहीत आहे. मी मुलाच्या मागे उभा राहून प्रत्येक मिनिटाची बाजू मांडली असती.

दुपारी मी ती ७५ मिनिटांची आवृत्ती पाहिली. काल मोठी पाहिली होती, म्हणजे तुलना ताजी होती, आणि कुठे काय गेले ते टिपून ठेवायचे म्हणून मी वही घेऊन बसलो होतो. पहिल्या दहा मिनिटांत दोन नोंदी झाल्या. नंतर वही मांडीवरच राहिली, कारण मी गोष्ट पाहू लागलो होतो. संपल्यावर आठवू लागलो, तर गेलेल्या ३२ मिनिटांपैकी पुष्कळ मला आठवेनात. याचे समाधान वाटायला हवे होते. मला भरून आले. माझी सहा पाने गेल्यावर ती कोणाला आठवणार आहेत? मिरजेच्या यार्डात रात्री हिरवे-लाल कंदील कसे हलत, नॅरो गेजच्या डब्यांतून मिरच्यांची पोती कशी उतरत, हे आता सांगणारे माझ्या वयाचे किती जण उरले आहेत? मी ते लिहिले नाही तर ते गेलेच. आणि ते सांगणे जर माझ्या मुलालाच नको असेल, तर मी एवढ्या रात्री जागून कोणासाठी लिहिले?

हे लिहिताना मला माझीच कीव येते आहे, हे कळते. पण रोजनिशीत तरी ते खोडायचे कशाला.


बुधवार, नंतर

झोप येईना म्हणून उठलो.

एक गोष्ट दुपारी नजरेतून सुटली होती. एरिकच्या जहाजावर हॅराल्ड नावाचा एक ख्रिस्ती धर्मप्रचारक असतो. त्याचा या जुन्या देवांवर विश्वास नाही, म्हणून त्याला ते दिसतच नाहीत. बाकीचे सारे वल्हालाच्या, म्हणजे देवांच्या, दरबाराकडे थक्क होऊन पाहत असतात, आणि हा मात्र कुठे काय आहे, असे विचारत त्यांच्या मध्ये उभा असतो. काल मी त्याच्यावर चिडलोच होतो. डोळ्यांसमोर एवढे असताना ज्याला काही दिसत नाही, त्याला काय म्हणावे? धाकट्याचे ‘दिसत नाहीत’ मी याच हॅराल्डच्या तोंडी ऐकले होते.

पण पुढे असे होते की देव म्हणजे खेळात रमलेली लाडावलेली मुले निघतात, माणसांच्या दुःखाशी त्यांना काही देणेघेणे नसते, आणि एरिक व त्याचे सोबती कायमचे तिथे अडकायची वेळ येते. त्या वेळी सुटतो तो एकटा हॅराल्ड, कारण ज्या भिंती त्याला दिसतच नाहीत त्या त्याला अडवत नाहीत. तो सरळ त्यांच्यातून चालत बाहेर येतो, आणि शिंगाची तिसरी फुंक, घरी आणणारी, तोच घालतो. ज्याला दिसत नव्हते, त्याच्यामुळे सगळे घरी येतात.

मी उठून प्रत पुन्हा काढली आणि ती सहा पाने सावकाश वाचली. गेज आहेत, कंदील आहेत, पोती आहेत, सिग्नलच्या तारांचा आवाज आहे, पाण्याचा उंच नळ आहे. अण्णा दोन ठिकाणी आहेत. एकदा ‘अण्णांची ड्यूटी’ असे, आणि एकदा ‘वडील’ असे.

सहा पानांत दोनदा. मी ती पाने किमान दहा वेळा वाचली असतील, दुरुस्त केली असतील, मोठ्याने हिला वाचून दाखवली असतील, आणि एकदाही हे माझ्या ध्यानात आले नाही. अण्णांना ज्या जागेत आयुष्यभर पाहिले, ती जागा मांडली की ते आपोआप तिथे येऊन उभे राहतील, असे मी धरून चाललो होतो. मला ते दिसतातच, कारण मी त्यांना पाहिलेले आहे. धाकट्याने त्यांना फक्त शेवटच्या दोन वर्षांत, पलंगावर पाहिले. त्याला त्या यार्डात यार्डच दिसणार.

तरीही ते पेन्सिलीने लिहिण्याऐवजी तो बोलून दाखवू शकला असता, असे वाटतेच. चार दिवस घरात होता.


गुरुवार

जोन्स यांच्याविषयी आणखी एक गोष्ट आज दिवसभर बरोबर होती. त्यांचा जन्म १९४२ च्या फेब्रुवारीत वेल्समधल्या कोल्विन बे इथे झाला, तेव्हा त्यांचे वडील ब्रिटिश हवाई दलात होते आणि नेमणुकीवर हिंदुस्थानात होते. युद्ध संपून ते परतेपर्यंत मुलगा चार वर्षांचा झाला होता. बापलेकांची पहिली भेट कोल्विन बेच्या रेल्वे फलाटावर झाली, आणि जोन्स यांना त्या भेटीतले जन्मभर आठवत राहिले ते वडिलांच्या मिशांचे टोचणे, कारण तोवर त्यांचा मुका घेतलेला होता तो घरातल्या बायकांनीच. फलाट कसा होता, गाडी कोणती होती, हे त्यांनी सांगितलेले माझ्या वाचनात नाही. मिशा आहेत, आणि त्या मिशांमुळे तो माणूस मला दिसतो.

पुढचा भाग लिहायला जड जातो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या आजाराची बातमी जाहीर झाली. तो स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे, पण त्यात आधी जाते ती भाषा : माणसे ओळखू येतात, भोवतालचे कळते, आणि शब्द मात्र एकेक करून साथ सोडतात. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१४ साली, लंडनच्या रंगमंचावर पायथन मंडळी पुन्हा एकत्र आली होती, तेव्हाच त्यांना संवाद आठवायला त्रास होऊ लागला होता. मध्ययुगावर ग्रंथ लिहिणारा, जुना इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यातल्या सरदाराला आदर्श वीर मानायचे की भाडोत्री शिपाई यावर १९८० साली विद्वानांशी भांडलेला, मुलांसाठी परीकथा रचणारा आणि जेवणाच्या टेबलावर कोणाला बोलू न देणारा असा हा माणूस होता. २०१६ च्याच ऑक्टोबरमध्ये वेल्सच्या बाफ्टा पुरस्कारांच्या समारंभात त्यांना गौरवण्यात आले. ते मंचावर आले ते बिलचा आधार घेऊन, आणि वडिलांच्या वतीने जे बोलायचे होते ते डोळे पुसत बिल बोलला. त्याआधीच्या वर्षी या दोघांनी, आणखी एका सोबत्यासह, आर्थिक तेजी आणि घसरणीवरचा एक माहितीपट मिळून दिग्दर्शित केला होता. जोन्स २१ जानेवारी २०२० रोजी, ७७ व्या वर्षी गेले.

दहा वर्षे आधी ज्या मुलाने वडिलांची ३२ मिनिटे कमी केली, त्यानेच नंतर वडिलांच्या वाट्याची वाक्ये उच्चारली. या दोन गोष्टी माझ्या मनात आज शेजारी शेजारी आहेत. त्या जोडून काही म्हणायचे मला सुचत नाही.

पायथनमधले त्यांचे सहकारी मायकेल पेलिन यांनी सांगितलेली एक आठवण मात्र इथे उतरवून ठेवतो. आजार वाढल्यावर ते मित्राला भेटायला जात, आणि एकदा त्यांनी दोघांनी मिळून पूर्वी लिहिलेले एक विनोदी पुस्तक बरोबर नेऊन वाचून दाखवले. जोन्स हसू लागले, आणि पेलिन यांच्या लक्षात आले की ते नेमके स्वतः लिहिलेल्या जागांनाच हसत आहेत. बोलता येत नव्हते, पण आपले कोणते आणि मित्राचे कोणते, हे त्यांना कळत होते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हसलो होतो. आज वाटले, आपण लिहिलेले आपल्याला इतके खोलवर ओळखू येत असेल, तर ते कापले जाताना दुखणारच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. जोन्स यांनाही दुखले असेल. ७५ मिनिटे पाहताना कुठेतरी त्यांचा हात खुर्चीवर घट्ट झाला असेल.

संध्याकाळी टेबलाशी बसलो. सहा पाने परत घ्यायची नाहीत, हे ठरायला फार वेळ लागला नाही, याचे मलाच नवल वाटले. ती वेगळ्या फाइलीत घालून वरच्या फळीवर ठेवली. मिरजेच्या यार्डावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन, तिथे अण्णांनी असायची सक्ती नाही.

मग मिशांसारखे माझ्याजवळ काय आहे, ते शोधत बसलो. अण्णा रात्रपाळी करून पहाटे येत, तेव्हा मी जागा असलो तर मला उचलून घेत. हातकंदिलामुळे त्यांच्या बाहीला घासलेटाचा वास असे, आणि तो मला आवडत नसल्याने मी तोंड फिरवत असे. एकदा त्यांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ते आधी मोरीत जाऊन हात कोपरापर्यंत धूत आणि सदरा बदलून मग मला घेत. त्याविषयी ते कधी काही बोलले नाहीत, आणि मीही नाही. ४३ पानांत हे कुठेच नव्हते.

एकोणिसाव्या पानावर, शेवटच्या परिच्छेदाच्या आधी, चार ओळी वाढवल्या आहेत. प्रत पुन्हा छापून घेतली. उद्या सकाळी धाकट्याला कुरिअरने पाठवीन. समास या वेळी थोडा मोठा ठेवला आहे.